जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : पेन ड्राइव्हपासून मराठी टायपिंगपर्यंत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे घरोघरचे चांगले चालणारे लॅपटॉप अडगळीत जाऊ लागले आहेत. माझं कळकळीचं सांगणं आहे, लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, चालवून बघा.

लिनक्सचे प्रकार शेकड्यांनी आहेत. नवख्याने त्यात अडकू नये, सरळ लिनक्स मिंट घ्यावं. मिंटला कमीत कमी २ जीबी रॅम लागते, पण आरामात काम करायचं तर ४ जीबी हवी. तेवढीच असेल तर ‘एक्सएफसीई’ आवृत्ती उतरवा, ८ जीबी असेल तर ‘सिनॅमन’. प्रोसेसर मात्र ६४-बिट हवा.

आधी बॅकअप

फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा, जे काही परत मिळणार नाही ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइल उघडून बघा. विंडोजही ठेवायचं असेल तर आणखी दोन कामं आहेत. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून घेऊन तो बंद करा आणि ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. फास्ट स्टार्टअप चालू राहिला तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. लिनक्ससाठी जागाही विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून मोकळी करा, ५० जीबी तरी.

पेन ड्राइव्ह

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल, उतरवा. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. रूफस किंवा बलेना एचर हा प्रोग्रॅम वापरून ती ‘लिहावी’ लागते. एचर सोपं आहे : फाइल निवडा, ड्राइव्ह निवडा, फ्लॅश दाबा.

आता लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा आणि कंपनीचं चिन्ह दिसताच बूट मेन्यूची (मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीची) कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.

घाई न करण्याची जागा

समोर मिंटचा डेस्कटॉप येईल. याला लाइव्ह सेशन म्हणतात. हार्ड डिस्कवर अजून काहीही बदललेलं नाही, सगळं पेन ड्राइव्हवरून चालतंय, म्हणून थोडं संथ वाटेल. इथे तासभर काढा. वायफाय जोडा, व्हिडिओ लावून आवाज ऐका, वेबकॅम, ब्लूटूथ, टचपॅड तपासा, प्रिंटर जोडून एक पान छापा. झाकण मिटून परत उघडा, मशीन नीट जागं होतं का बघा. काही जुन्या लॅपटॉपची वायफाय चिप ओळखली जात नाही. तेव्हा अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळेल. इन्स्टॉल झाल्यावर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून योग्य ड्रायव्हर घेता येतो.

सगळं पटलं की डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर डबल क्लिक करा. मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चौकोनात खूण करा. सर्वांत महत्त्वाचा पडदा म्हणजे ‘इन्स्टॉलेशन टाइप’. ‘अलाँगसाइड’ निवडलं तर विंडोज राहतं, ‘इरेज डिस्क’ निवडलं तर सगळं जातं. तो पडदा दोनदा वाचा. पुढे टाइम झोन कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. शेवटी रीस्टार्ट करताना सांगेल तेव्हा पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबा.

पहिल्या दिवशीची कामं

‘अपडेट मॅनेजर’ने सगळे अपडेट घ्या. मग ‘टाइमशिफ्ट’ उघडून स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमच्या आत्ताच्या स्थितीची नोंद, घ्या, पुढे सिस्टिम बिघडली तर त्या स्थितीला परत जाता येतं. तुमच्या फोटोंचा बॅकअप मात्र तो घेत नाही.

दोन्ही सिस्टिम ठेवल्यात तर विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबलं की तात्पुरतं भागतं.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘लेआउट’ उघडा, इंडियाखालचा ‘मराठी, कगप फोनेटिक’ जोडा आणि भाषा बदलायची कळ ठरवून घ्या. यात के दाबलं की क येतो आणि अक्षराचा पाय एफने मोडतो. म्हणजे के, एफ, वाय या क्रमाने ‘क्य’. जोडाक्षरं एकदा बोटांत बसली की फायरफॉक्सपासून लिब्रे ऑफिसपर्यंत सगळीकडे हाच कीबोर्ड चालतो.