युद्धाच्या छायेतल्या मुलांना आपल्या वर्गातल्या मुलांकडून पत्र लिहून घेताना : या चुका टाळा

कोकणातल्या मुलाला पत्र लिहायला बसवलं की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत समुद्र येतोच. येऊ द्यावा. पण पत्र युक्रेनमधल्या ओडेसाला जाणार असेल, तर ‘तू पण समुद्रात पोहतोस का?’ हे वाक्य खोडावं लागतं. 2022 मध्ये युद्ध पेटल्यावर तिथल्या किनाऱ्यांवर सुरुंग पेरले गेले आणि पोहायला बंदी आली. म्हणून वह्या उघडण्याआधी शिक्षकांनी चार गोष्टी काढून ठेवाव्यात : तिथली भाषा कोणती, शाळा भरतात का, मुलं घरात आहेत की छावणीत, आणि खाण्याचे हाल कितपत आहेत.

शेवटची गोष्ट सहज निसटते. सुदानमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट 2024 मध्ये दुष्काळ जाहीर झाला. अशा ठिकाणी जाणाऱ्या पत्रात उकडीच्या मोदकांची रसभरीत वर्णनं नकोत. फटाक्यांचंही तसंच; शिमग्यातली पालखी लिहा, धडामधूम गाळा.

सगळ्यात जास्त घोटाळा प्रश्नांनी होतो

‘घरी कोण कोण असतं?’, ‘बाबा काय करतात?’, ‘कितवीत आहेस?’ आपल्याकडे ओळख अशीच निघते. तिकडे बाबा कदाचित हयात नसतील, शाळेची इमारतही उभी नसेल. उपाय सोपा आहे : विचारायचं ते सांगून टाकायचं. ‘तुझ्या घरी कोण आहे?’ खोडून ‘आमच्या पडवीत एक मांजर असते, सुकटाचा वास आला की गाढ झोपेतून उठते’ असं लिहायला लावा. वाटलं तर समोरचं मूल मांजरावर लिहील, नाहीतर नाही. अख्ख्या पत्रात प्रश्न एकच, तोही टाळता येईल असा : ‘आवडत असेल तर तुझ्याकडचा एखादा खेळ कळव.’

‘तुझं दुःख मला कळतं’

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड-दापोलीकडची कौलं उडाली, जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं. ते लिहिलं की जवळीक होते असं मुलांना वाटतं. पण वादळ कुणी मुद्दाम धाडलं नव्हतं, आणि ते काही तासांत निघून गेलं. बरोबरी करणारं वाक्य कापा. वादळ लिहायचंच असेल तर वीज नसताना वाडीतल्या लोकांनी विहिरीवर पाणी कसं भरलं, तेवढं लिहा. ‘सगळं ठीक होईल’ आणि ‘आपण नक्की भेटू’ हीसुद्धा खोडा. ती पाळणं आपल्या हातात नाही. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा पत्रात नको.

भाषांतरात काय बिघडतं

‘कसा आहेस’ की ‘कशी आहेस’? मुलगा की मुलगी हे माहीत नसेल तर इथेच पेन अडतं. अरबीत आणि युक्रेनियनमध्येही क्रियापदाला लिंग चिकटतं. त्यामुळे ‘तुला नमस्कार’ अशी सुरुवात करून बाकी पत्र ‘मी’, ‘आम्ही’वर चालवा. वाक्प्रचार टाळा. भाषांतर यंत्राने केलं असेल तर ते उलटं मराठीत आणून वाचा. ‘जिवाला घोर लागला’चं काय झालंय ते तिथे दिसतं. शंभर-सव्वाशे शब्द पुरेत. पहिला खर्डा एका दिवशी, तपासणी दुसऱ्या दिवशी, आणि शिक्षकाशिवाय आणखी एका मोठ्या माणसाने वाचलेलं बरं.

नाव फक्त पहिलं, पत्ता ‘कोकण किनारा’ इतकाच. गणवेशातला फोटो नको, कारण खिशावर शाळेचं नाव असतं. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. पत्रं मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्थेमार्फतच पाठवा, परस्पर कुणाच्या सोशल मीडियावरच्या खात्यावर नाही. उत्तर येईलच असं नाही, हेही लिहायला बसण्याआधी सांगून ठेवा.

वर्गातल्या मुलांकडे लक्ष

युद्धाची दृश्यं वर्गात दाखवू नका. किनारपट्टीवरच्या वर्गात कुणाचे तरी बाबा बोटीवर असतात, आणि नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले ते त्या घराने जीव मुठीत धरून ऐकलेले असतात. असं मूल गप्प बसलं तर पत्राचा आग्रह धरू नये. पाकिटावर काढायला होडीचं चित्र द्यावं, तेही त्याला हवं असेल तर.