मरणाची आठवण ठेवून रोजचं जगणं: मी कसं करतो

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, फादर कपाळावर राख लावतात, 'तू माती आहेस' वगैरे, आणि दुपारपर्यंत आपण विसरलेलो असतो. तर सोपं करा. रात्री झोपताना बायबलमधलं स्तोत्र 90 वाचा, त्यात आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षं म्हटलंय, मग आपलं वय त्यातून वजा करा. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, नंतर सवय होते.

मग कोणाशी बोलणं बंद आहे ते बघा. भाऊ असेल, शेजारी असेल, फोन लावा, माफी मागायला गुड फ्रायडेची वाट कशाला बघायची?

आता बोअरिंग पण महत्त्वाचं, मृत्युपत्र. आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही देताय त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नका, त्याला दिलेलं रद्द होतं. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्रही लग्नानंतर चालत नाही, नवीन करावं लागतं (हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं!).

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर मेणबत्ती लावायला जाल तेव्हा मुलांनाही न्या, आजीच्या गोष्टी तिथेच सांगा.