हलक्या विमानाचा सायलेन्सर: डबा किती लांब, किती रुंद?

आधी आवाज कुणाचा ते पाहा. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ५८०० फेरे घेताना सेकंदाला सुमारे १९३ स्फोट करतं. एक्झॉस्टचा मूळ सूर म्हणजे हे १९३ हर्ट्‌झ. गिअरने मंदावलेला तीन पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेऱ्यांना १२० हर्ट्‌झवर घुमतो. मोबाइलच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये १२०चाच सुळका उंच असेल, तर सायलेन्सरवर खर्च करू नका. डेसिबल मीटर ‘सी’ वेटिंगवर (खालचे सूर फारसे न कापणाऱ्या मोजणीवर) ठेवा. ‘ए’ वेटिंग २०० हर्ट्‌झला जवळजवळ ११ डेसिबल कापतं आणि खरी धडधड लपते.

डब्याची आदर्श लांबी म्हणजे ध्वनिलहरीचा चौथा हिस्सा. इथे नेहमीची चूक होते: लोक थंड हवेतला ३४० मी./से. वेग धरतात आणि ४४ सेंमी काढतात. ५०० अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनी सुमारे ५५७ मी./से. धावतो, म्हणून खरं उत्तर ७२ सेंमी. एवढा डबा काउलिंगखाली (इंजिनवरच्या आवरणाखाली) मावत नाही. पण लांबीसाठी हट्ट नको. डब्याचा व्यास एक्झॉस्टच्या नळीच्या तिप्पट असेल तर ७२ सेंमीला गणिताने १३ डेसिबल घट मिळते, ३६ सेंमीला १०. व्यास चौपट केला की ३६ सेंमीतच १५. प्रत्यक्षात थोडं कमी मिळेल, तरी जागा रुंदीला द्यावी हेच बरं.

३६ सेंमीच्या डब्यातून ७७४ हर्ट्‌झ मात्र बिनअडथळा निसटतो, आणि १९३ची चौपट नेमकी तिथेच पडते. उपाय सोपा आहे: आत येणारी नळी १८ सेंमी आत न्या. तिला भोकं पाडू नका, सूर बिघडतो. मोकळं टोक आधार देऊन धरा, पण वेल्डने जखडू नका; गरम झाल्यावर नळीला सरकायला जागा हवी. नळी तुटून बाहेरच्या तोंडाशी अडकली, तर उड्डाणातच ताकद जाते. म्हणून तपासणीत थंड सायलेन्सर हलवून खुळखुळ ऐका.

पत्रा ३२१ स्टेनलेसचा, टिग वेल्डिंग, आणि वेल्डची आतली बाजू जळू नये म्हणून आतून आर्गॉन वायू. शिसपेन्सिलने खुणा करू नका, कार्बनमुळे तिथेच तडा जातो. सायलेन्सरचं वजन इंजिनवरच टांगा, फ्रेमवर नको. रबर माउंटवर इंजिन हलतं आणि जोड फाटतो. इंजिनकडच्या बाजूला बॉल जॉइंट (थोडं वळू देणारा सांधा) आणि स्प्रिंग हवेत.

बॅक प्रेशर (एक्झॉस्ट अडल्याने इंजिनवर येणारा उलटा दाब) पूर्ण थ्रॉटलला मोजून इंजिनच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. प्रमाणित विमानात असा बदल मंजुरीशिवाय बसवता येत नाही.

शेवटी गळती तपासा. इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू टेलपाइपला (धूर बाहेर सोडणाऱ्या शेवटच्या नळीला) लावा आणि जोडांवर साबणाचं पाणी फिरवा. केबिन हीटरचं आवरण काढूनच हे करा: त्याखालच्या बारीक तड्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बुडबुडे दिसले तर सायलेन्सर उतरवा.