टीव्ही १२० हर्ट्झचा, पण लॅपटॉप ६०च्या पुढे जाईना

लॅपटॉप यूएसबी-सी अडॅप्टरने ४के टीव्हीला जोडला, तर विंडोजमध्ये ६० हर्ट्झपुढचा (सेकंदाला ६०पेक्षा जास्त वेळा चित्र बदलण्याचा) पर्यायच दिसेना. रिझोल्यूशन १०८०पी केलं की मात्र १२० लगेच मिळायचं. म्हणजे टीव्ही ठीक, अडत होतं बँडविड्थपाशी, म्हणजे सेकंदाला किती माहिती जाऊ शकते त्यापाशी. अडॅप्टर एचडीएमआय २.० चा, त्याची मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिट. पूर्ण रंगांसह ४के १२०ला ते पुरत नाहीत. रंगांची माहिती कमी करून ४:२:०वर आणली तर भागतं, पण बारीक रंगीत अक्षरं फिसकटतात. वाचन-लिखाणासाठी ही तडजोड मला अजिबात मान्य नाही.

एचडीएमआय २.१ चा अडॅप्टर घेतला (लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपला डीएससी कॉम्प्रेशन, म्हणजे चित्राची माहिती दाबून पाठवणं, जमतं का, ते आधी पाहा), 'अल्ट्रा हाय स्पीड' केबल लावली आणि टीव्हीवर त्या इनपुटचं वाढीव सिग्नलचं सेटिंग चालू केलं. हे सेटिंग हमखास नजरेतून सुटतं. आता ४के, १२० हर्ट्झ, ४:४:४ म्हणजे पूर्ण रंग.