लडाखचा छोटा ट्रेक: सह्याद्रीच्या सवयींमुळे होणाऱ्या या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून लडाखला जाणाऱ्यांत आता नुसते गाडीतून फिरणारे नसतात. तंबू आणि स्लीपिंग बॅग घेऊन तीन-चार दिवस चालून येणारेही बरेच असतात. यातले बहुतेक सह्याद्रीत तयार झालेले, दर रविवारी सिंहगड चढणारे, राजगड-तोरणा एका दिवसात केलेले. त्यांच्या दमाबद्दल शंका नाही. चुका होतात त्या इथल्या सवयी त्या कोरड्या, उघड्या डोंगरांत तशाच नेल्यामुळे.

सगळ्यात मोठी चूक तारखा ठरवतानाच होते. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. आणि लेह शहरच ३,५०० मीटरवर. रात्री पुण्यातून निघून दिल्लीमार्गे सकाळी लेहला उतरलात, की काही तासांत तुम्ही कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर असता. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. त्याची सवय व्हायला शरीराला दिवस द्यावे लागतात, आणि सिंहगडाच्या फेऱ्यांनी ते दिवस वाचत नाहीत. उलट तंदुरुस्त माणूस डोकेदुखी अंगावर काढतो, पुढे चालत राहतो. म्हणून गटात मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तेव्हा पाच दिवसांची रजा असेल तर ट्रेकचा विचार सोडून द्या. किमान आठ दिवस हवेत. पहिले दोन दिवस लेहमध्ये फक्त आराम, हळू चालणं, भरपूर पाणी. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. त्याहून चांगला पर्याय म्हणजे विमानतळावरून थेट सिंधूच्या काठाने खाली आल्चीला जाऊन राहायचं. ते लेहपेक्षा सुमारे चारशे मीटर खाली आहे. दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला बघायला धावू नका. ती खिंड ५,३५९ मीटरवर आहे. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त चढवायचा नाही, हा नियम कागदावर लिहून मगच मार्ग आखा.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी निघा, वाढलं तर खाली उतरा. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकला थांबत नसेल, तर वाट बघू नका. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर त्याला सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेपुढे दुसरं पाऊल टेकवत चालायला लावा. तोल गेला तर मेंदूला सूज येत असल्याचं धरा आणि उजाडायची वाट न बघता खाली न्या. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटं पुरतात. ते उतरण्याला पर्याय नाहीत. उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीचं पुण्यातच डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा.

मार्ग निवडताना ‘अडचण आली तर लवकर खाली येता येईल का’ हा प्रश्न पहिला विचारावा. म्हणूनच पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शाम खोऱ्यातला लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम हा तीन दिवसांचा मार्ग घ्यावा असं माझं ठाम मत आहे. वाटेतल्या खिंडी चार हजार मीटरच्या आत आहेत, मुक्कामाला गावं आहेत, घरगुती राहण्याची सोय आहे. मारखा खोरं सुंदर आहे, पण त्यात पाच हजार मीटरच्या वरची कोंगमारू ला ही खिंड ओलांडावी लागते. आठ दिवसांच्या सुट्टीत ते कोंबू नका.

दुसरी गंभीर चूक पाण्याच्या अंदाजाची. सह्याद्रीत ओढा पावसाने फुगतो, त्यामुळे आभाळ निरभ्र असलं की आपण निर्धास्त असतो. लडाखमध्ये ओढा उन्हाने फुगतो. वर बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारनंतर मांडीपर्यंत येऊ शकतं, तेही लख्ख उन्हात. ओढे सकाळी लवकर ओलांडा, पायांत सँडल ठेवा, सॅकचा कमरेचा पट्टा सोडा. कोरड्या नाल्याच्या सपाट वाळूवर तंबू कधीही लावू नका, ती जागा कितीही मोहात पाडणारी असली तरी. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण उघडी माती तो धरून ठेवत नाही. ऑगस्ट २०१०मध्ये तिथे ढगफुटीनंतर चिखल-दगडांचा लोंढा आला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली.

कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे तहान उशिरा कळते. माणशी तीन-चार लिटर पाणी धरा आणि ओढ्याचं पाणी उकळूनच प्या.

जेवणाचंही गणित बदलतं. चार हजार मीटरवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यातली खिचडी तासभर शिजत राहते आणि गॅस संपतो. छोटा कुकर तरी न्या, नाहीतर सातूचं पीठ, पोहे, मेतकूट, दाण्याची चटणी असं न शिजवता चालणारं न्या. गॅसचे कॅनिस्टर विमानात चालत नाहीत, ते लेहमध्येच घ्यायचे. शेकोटीचा हट्ट धरू नका. तिथे झाडं मोजकी आहेत, आणि हेमिस शुकपाचनजवळचे जुने ज्युनिपर गावकऱ्यांना आपल्या देवराईसारखे पवित्र आहेत.

कपड्यांत पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी, गॉगल आणि ओठांना मलम हवंच. रात्रीसाठी लोकरी थर लागतो, मे महिन्यात तर दोन. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, गटात दोघांकडे तरी पोस्टपेड असू द्या.

परतीचं तिकीट काढताना एक दिवस मोकळा ठेवा. लेहची विमानं बहुतेक सकाळी सुटतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. लेह-दिल्ली आणि दिल्ली-पुणे ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर दिल्लीत एक रात्र मुक्काम धरूनच दुसरं विमान घ्या.