जुन्या अक्षरांवरून देवनागरी फॉन्ट कसा तयार करावा

दुकानाची हाताने रंगवलेली पाटी, नाटकाची जुनी जाहिरात किंवा बोरूने लिहिलेली एखादी वही यांतील अक्षरवळणावरून संगणकासाठी फॉन्ट तयार करता येतो. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरील हातरंगाऱ्या पाट्यांवरून कॅथरिन ली श्मिट यांनी ‘यात्रा वन’ घडवला, तर जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने ‘जैनी’ केला. दोन्ही विनामूल्य मिळतात. काम सुरू करण्याआधी ते मोठ्या आकारात अवश्य न्याहाळावेत.

प्रथम एकाच हाताने लिहिलेला नमुना निवडावा. भारतीय कायद्यानुसार कलाकृतीचा स्वामित्वहक्क कलाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो, म्हणून आवश्यक तेथे वारसांची परवानगी घ्यावी. कागद 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करावा आणि पाटीचे छायाचित्र अगदी समोरून घ्यावे.

यानंतर सापडलेल्या अक्षरांचा तक्ता करावा. नमुन्यात सगळी वर्णमाला क्वचितच मिळते. ङ, ञ, झ यांसारखी अक्षरे बहुधा नसतात. ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी घेऊ नयेत. व मिळाला की ब आणि क यांची गोलाई कळते, प वरून ष आणि फ साधतात, ट वरून ठ आणि ढ. मूळ लेखणीसारखीच लेखणी किंवा कुंचला घेऊन, त्याच कोनात धरून, ही अक्षरे कागदावर पुन्हापुन्हा गिरवावीत. माझ्या मते साऱ्या कामाचा कस इथेच लागतो, कारण हाताची चाल उमगली नाही, तर नव्याने काढलेले अक्षर जुन्यांच्या शेजारी परके दिसते.

इंकस्केप या रेखाटनाच्या संगणक प्रणालीत अक्षरांच्या बाह्यरेषा स्वतः काढाव्यात. आपोआप रेखाटन करून घेतल्यास नको तितके बिंदू पडतात आणि पुढे दुरुस्ती करणे जिकिरीचे होते. कुंचल्याच्या दाबाने रेषेला आलेला फुगीरपणा जपावा. उडालेला रंग आणि कागदावर फुटलेली शाई मात्र गाळावी.

शिरोरेषा असलेल्या वळणात तिची उंची आणि जाडी सर्व अक्षरांत सारखी ठेवून ती अक्षराच्या ठरलेल्या रुंदीबाहेर किंचित वाढवावी, म्हणजे शेजारची अक्षरे एकमेकांवर चढतात आणि शब्दात फट दिसत नाही.

आता ही रेखाटने फॉन्टफोर्ज या विनामूल्य प्रणालीत आणावीत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतप्रणालीत, देवनागरीचा मुख्य संच 0900 ते 097एफ या क्रमांकांत आहे, पण जोडाक्षरांना त्यात स्वतंत्र क्रमांक नाहीत. अर्धी अक्षरे, रफार आणि रकार हे ओपनटाइप या फॉन्ट-स्वरूपाच्या नियमांनी जुळवावे लागतात. मात्रा, अनुस्वार आणि उकार कोठे बसावेत, हे दर्शवणारे बिंदू प्रत्येक अक्षरावर ठेवावेत. ऱ्हस्व वेलांटी मात्र निरनिराळ्या रुंदीची काढावी, अन्यथा ‘स्थिती’ या शब्दात ती थ पर्यंत पोहोचतच नाही. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी असतात, तेव्हा नमुना मराठी असेल तर तीच मूळ रूपे म्हणून ठेवावीत.

चाचणीसाठी ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’, ‘कुऱ्हाड’, ‘द्वंद्व’, ‘उत्कर्ष’, ‘सृष्टी’ असे शब्द निरनिराळ्या प्रणालींत टंकून पाहावेत आणि लहान अक्षरांत कागदावरही छापून घ्यावेत. फॉन्ट सर्वांसाठी खुला करायचा असल्यास एसआयएल या संस्थेचा खुला फॉन्ट परवाना निवडावा आणि फॉन्टच्या माहितीत मूळ लेखकाचे किंवा रंगाऱ्याचे नाव, माहीत असल्यास, आवर्जून नोंदवावे.