बेळगावात वर्डप्रेसचा (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा) मीटअप, म्हणजे शिकायला-शिकवायला जमायचा मेळावा, घ्यायचा तर आधी काय काय बघावं

हॉल बघायला जाताना आपला लॅपटॉप घेऊनच जा. "प्रोजेक्टर आहे" एवढ्या फोनवरच्या उत्तरावर थांबू नका. केबल एचडीएमआय आहे की जुनी व्हीजीए, ते जोडून बघा. भिंतीवरचे प्लग मोजा. हॉल मोठा मिळतो, खरं प्लग दोनच निघतात, तेव्हा एक्स्टेंशन बोर्ड घरून आणायचे. पावसाळ्यात वीज जाणार हे धरून चाला आणि सगळ्यांना लॅपटॉप पूर्ण चार्ज करून यायला सांगा.

इंटरनेटवर अजिबात विसंबू नका. टिळकवाडीतल्या एका मीटअपला पंधरा जणांनी एकदम डाउनलोड सुरू केलं आणि वायफाय बसलं ते उठलंच नाही. निपाणीहून सकाळची बस धरून, पाऊणशे किलोमीटर आलेली एक मुलगी स्वतःची साइट सुरू न करताच परत गेली. ते मला अजून लागून राहिलंय. तेव्हापासून मी चार पेन ड्राइव्ह भरून नेतो. त्यात वर्डप्रेसची झिप, लॅपटॉपवरच सर्व्हर चालवायला झॅम्प, साइटचं रूप ठरवणाऱ्या दोन-तीन थीम आणि भाषेच्या फाइली असतात. भाषेच्या फाइली विसरू नका, कारण नेट नसेल तर सेटिंगमध्ये मराठी निवडायला मिळत नाही. त्या 'लँग्वेजेस' फोल्डरमध्ये हातानं टाकाव्या लागतात. मराठीबरोबर कन्नडच्याही ठेवा. वर्डप्रेस २००३ पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, त्यामुळं त्याच्या प्रती अशा वाटून द्यायला कुणाला विचारावं लागत नाही.

प्रात्यक्षिक कधीच गिऱ्हाइकाच्या चालू साइटवर करू नका. आदल्या रात्री बॅकअप घेऊन आपल्याच लॅपटॉपवर प्रत उभी करा आणि प्लगइन, म्हणजे साइटला जादा सोयी देणारे जोड, कसे अपडेट करायचे ते तिथं दाखवा.

आता मराठीचं, आणि याला निदान पाऊण तास राखून ठेवा, कारण हे आपल्याला दुसरं कुणी शिकवत नाही. साइटची भाषा मराठी केली की पानाच्या कोडमध्येही तशी नोंद होते, आणि फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. फाँट निवडताना 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' हे दोन्ही शब्द लिहून बघा. लग्नाच्या जेवणाचं काम घेणाऱ्याच्या साइटवर पहिल्याच्या जागी दुसरा उमटला तर अर्थच बदलतो. मग पत्त्याची गोष्ट. लेखाच्या वेब-पत्त्यात (यूआरएलमध्ये) शीर्षकावरून जो भाग बनतो, त्याला वर्डप्रेसमध्ये २०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह आतल्या आत नऊ जागा खातं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. 'खानापूरच्या जंगलातली पावसाळी भटकंती' असं शीर्षक दिलं तर पत्ता 'खानापूरच्या-जंगलातली-पाव' इथंच तुटतो. हे पडद्यावर करून दाखवा आणि पत्ता आधीच आखूड लिहायची सवय लावा. असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्क्याच्या चिन्हांची माळ येते, तीही समजावून सांगा.

दारावरचा फलक कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लावा. बोलणं मराठीत होणार असेल तर सुरुवातीलाच विचारा, आणि कन्नड बोलणाऱ्याशेजारी दोन्ही भाषा येणारा माणूस बसवा. हॉल कॉलेजचा असला तरी दार फक्त त्यांच्या मुलांना उघडं, असं चालणार नाही; वर्डप्रेसचा मीटअप सगळ्यांसाठी असतो आणि स्वयंसेवकच तो चालवतात. चहा सांगून ठेवा. कुंदा आणला तर उत्तमच.

वेळ सकाळी दहाची ठेवा. चारला आटपा म्हणजे आटपाच, कारण चिकोडी-निपाणीकडच्यांना उजेडात घर गाठायचं असतं. बाहेरगावहून येणाऱ्यांना दोन दिवस आधी फोन करून स्टँडवरून कसं यायचं ते सांगा.

निपाणीच्या त्या मुलीला यावेळी मीच फोन केलाय. येते म्हणालीय. पुढच्या रांगेत प्लगजवळची खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवा, आणि पहिला पेन ड्राइव्ह तिला द्या.